चकाकी की सर्व्हिसच्या नोंदी: जुनी गाडी घेताना कशाला किती वजन द्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच लाखांच्या आत २०१८ची पेट्रोल स्विफ्ट घ्यायची आहे आणि दोन गाड्या समोर आहेत. पहिली डीलरकडची: पांढरी, अंगावर एक ओरखडा नाही, नवी सीट कव्हर, मीटरवर ५२,००० किमी, सर्व्हिसचा एकही कागद नाही, किंमत ४.६० लाख. दुसरी मूळ मालकाकडची: करडी, दोन्ही बंपर घासलेले, मागच्या डाव्या दाराला पोचा, मीटरवर ८४,००० किमी, पण पहिल्या दिवसापासूनची बिले फाइलला लावलेली, किंमत ४.३० लाख. घरच्यांना पहिली पसंत आहे.

दुसरी घ्या. खाली सांगितलेल्या तपासणीत ती नापास झाली, तरच तिचा विचार सोडा.

आधी पैशांचा हिशेब पाहा. बाहेरच्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे एका पॅनलला साधारण ३,००० ते ४,००० रुपये पडतात, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याच्या दीडपट ते दुप्पट. दोन बंपर आणि एक दार मिळून ९-१२ हजार, वर रबिंग-पॉलिश आणि आतून ड्रायक्लीन यांचे चार-पाच हजार. म्हणजे १३-१७ हजार रुपये आणि चार दिवसांत दुसरी गाडी पहिलीसारखी दिसायला लागेल. पहिल्या गाडीला मात्र दुसरीसारखे करता येत नाही. तिच्यात २०२१ साली ऑइल बदलले नसेल, तर ते आज कितीही पैसे टाकून बदलता येणार नाही.

ऑइलवर एवढा भर का, ते समजून घ्या. मारुतीच्या पेट्रोल गाड्यांचे ऑइल १०,००० किमी किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल तेव्हा बदलायचे असते. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापत नाही. त्यामुळे ऑइलमध्ये थोडे पेट्रोल आणि पाण्याची वाफ मिसळत राहते, ऑइलमधली रसायने संपतात आणि त्याचा काळा चिकट गाळ तयार होतो. हा गाळ तीन ठिकाणी नडतो. ऑइल पंपाच्या जाळीवर बसून दाब कमी करतो. पिस्टनच्या ऑइल रिंग खाचेत चिकटवतो, मग इंजिन ऑइल खायला लागते. आणि पिस्टन व व्हॉल्व्ह यांची चाल जुळवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालत असल्याने चेन सैल पडून खडखडते. यातले काहीही टेस्ट ड्राइव्हच्या दहा मिनिटांत कळेलच असे नाही, कारण विक्रीच्या आदल्या दिवशी जाड ग्रेडचे ऑइल भरले की आवाज आणि धूर दोन्ही काही आठवडे दबतात. नंतर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून रिंग, बेअरिंग, चेन किट असे काम निघाले, तर या इंजिनावर ६० ते ८० हजार सहज जातात.

आता सर्व्हिसच्या नोंदी कशा वाचायच्या. बहुतेक लोक फाइल जाड आहे एवढेच पाहतात आणि समाधान मानतात. बिलाची रक्कम आणि झालेली देखभाल यांचा थेट संबंध नसतो. आठ हजारांच्या बिलात इंटीरियर क्लिनिंग, अंडरबॉडी कोटिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट यांचेच पाच हजार असू शकतात. तुम्हाला हवी असते पार्टची ओळ: इंजिन ऑइल किती लिटर, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर. हे तिन्ही एकाच बिलावर असतील तर ऑइल खरोखर बदलले गेले. त्यापुढे एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग साधारण ४०,००० किमीला बदलल्याची नोंद शोधा. मग ब्रेक फ्लुइड. ते दर दोन वर्षांनी बदलायला हवे आणि हे काम बऱ्याचदा चुकवले जाते. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि घाट उतरताना पेडल मऊ पडते. शिवाय त्या ओलाव्याने एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमधल्या झडपा गंजतात, आणि ते युनिट महाग असते. ज्या फाइलमध्ये ब्रेक फ्लुइड बदलल्याच्या दोन-तीन नोंदी सापडतात, त्या मालकाने बाकी गाडीही सांभाळलेली असते. माझ्या मते ही एक ओळ बाकीच्या दहा शिक्क्यांपेक्षा जास्त सांगते.

दुसरी गोष्ट, तारीख आणि किलोमीटर यांची जोडी कागदावर उतरवून काढा. १,०००, ५,०००, १०,००० या सुरुवातीच्या फ्री सर्व्हिस, मग वर्षाला दहा-बारा हजार, २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे कमी, पुढे परत तितकेच, अशी चढण स्वाभाविक दिसते. मध्येच दीड वर्षाची पोकळी असेल तर मालकाला विचारा. वॉरंटी संपल्यावर अनेकजण ओळखीच्या मेस्त्रीकडे जातात आणि त्यात वाईट काही नाही. मेस्त्रीची कच्ची बिले, ऑइल-फिल्टर आणल्याच्या दुकानाच्या पावत्या, किंवा निदान मेस्त्रीशी फोनवर बोलणे, एवढे मिळायला हवे. सर्व्हिस बुकातले पाच शिक्के एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात असतील तर ते एका बैठकीत मारलेले आहेत असे धरा.

तिसरी गोष्ट, तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते का. प्रत्येक सर्व्हिसला कूलंट टॉपअप असेल तर ते कुठून तरी जाते आहे: वॉटर पंप, रेडिएटर, किंवा हेड गॅस्केट. दर उन्हाळ्यात एसी गॅस भरला असेल तर कंडेन्सर किंवा कूलिंग कॉइल गळते आहे, आणि कॉइलसाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. वर्षात तीनदा अलाइनमेंट करूनही टायर एका बाजूने झिजत असेल तर चाकाला खालून धरणारा लोअर आर्म वाकलेला असू शकतो, किंवा त्याहून वाईट, पुढचा सांगाडा हललेला असू शकतो.

डीलर जेव्हा म्हणतो की कागद हरवले, तेव्हा गोष्ट तिथे संपत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झालेल्या प्रत्येक सर्व्हिसची नोंद गाडीच्या नंबरवर आणि चॅसिस नंबरवर कंपनीच्या संगणकात असते. मूळ मालक सोबत असेल किंवा त्याने संमती दिली, तर वर्कशॉपच्या सल्लागाराकडून ती यादी पाहता येते. अनेकदा मालकाच्या मोबाइलमधल्या कंपनीच्या ॲपमध्येही ती दिसते. यादीत २०२२ साली ६८,००० किमी लिहिलेले असेल आणि आज मीटर ५२,००० दाखवत असेल, तर पुढची तपासणी करायची गरजच नाही. यादी दाखवायला डीलर तयारच नसेल, तर मी त्या गाडीला बयाणा देऊ नका असेच सांगेन.

यादी मिळाली नाही तरी किलोमीटर ताडता येतात. ५२,००० किमीच्या गाडीचे क्लच पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसते, स्टीअरिंगच्या वरच्या भागाचा खडबडीतपणा गेलेला नसतो, ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा कडा दबलेला नसतो. नवे सीट कव्हर त्यासाठीच वर करून पाहायचे. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. मूळ टायर साधारण ४०-५० हजारांपर्यंत जातात. त्यामुळे ५२,००० च्या गाडीला टायरचा दुसरा जोड असणे ठीक, तिसरा असला तर प्रश्न विचारायला हवा. सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या कापडी पट्टीवर आणि प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवल्याचे साल सापडते. सगळ्या काचा एकाच कंपनीच्या आणि गाडीच्या सालाशी जुळणाऱ्या हव्यात. एखादी समोरची काच दगडाने फुटून बदलली असेल, ते चालते. पण एका बाजूच्या दोन्ही दारांच्या काचा वेगळ्या सालाच्या असतील तर त्या बाजूने जोरदार धडक बसली आहे.

म्हणजे दिसणे बिनकामाचे आहे का? अजिबात नाही. शोभा म्हणून त्याला किंमत देऊ नका, पुरावा म्हणून मात्र ते बारकाईने वाचा. घासलेला बंपर हा पार्किंगचा मामला असतो, आणि न रंगवलेला ओरखडा तर तुमच्या फायद्याचा: खालचा रंग मूळचा आहे हे तो सांगतो. सात-आठ वर्षे पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीवर एकही ओरखडा नसेल तर ती पूर्ण रंगवली आहे का, आणि का रंगवली, हे आधी विचारावे.

रंगाची जाडी मोजायचे मीटर दीड-दोन हजारांत मिळते, तपासणी करणाऱ्या जाणकाराकडे ते असतेच. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. २०० ते ३०० म्हणजे वरून एक हात मारलेला आहे. ५०० च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी आहे, हजाराच्या पुढे म्हणजे भरपूर पुट्टी. दार किंवा फेंडरवर ३०० निघाले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. छत, छताला धरणारे खांब आणि दाराखालचा उंबरा इथे मात्र मूळचाच रंग हवा, कारण तिथे पुट्टी असणे म्हणजे गाडी उलटली किंवा बाजूने चेपली. बंपर प्लास्टिकचे असल्याने त्यावर हे मीटर चालत नाही.

मग बोनेट उघडा. फेंडर आणि बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. त्यांच्या कडांवरचा रंग तुटलेला असेल तर ते पाना लावून उघडले आहेत. त्याखालच्या एप्रनवर, म्हणजे ज्या पत्र्यावर सस्पेन्शनचा वरचा भाग बसतो तिथे, कारखान्याचे स्पॉट वेल्डचे गोल खड्डे सारख्या अंतरावर दिसतात. ते नाहीसे असतील, ओबडधोबड वेल्डिंग दिसत असेल, किंवा सांध्यावरचे सीलंट हाताने फासल्यासारखे असेल तर गाडी सोडून द्या. मग फाइल कितीही चांगली असू द्या. दारांचे रबरी बीडिंग ओढून आतला सांधा पाहायचा, डिकीत स्टेपनी काढून तळाचा पत्रा पाहायचा. सांगाड्याला लागलेला मार बिलांनी भरून निघत नाही: गाडी सरळ चालत नाही, टायर खाते, आणि पुढच्या अपघातात चेपायला हवा तिथे पत्रा चेपत नाही.

पुरात बुडालेल्या गाडीतही चकाकी आणि आतली अवस्था यांत असेच मोठे अंतर पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, आणि २०१८ची गाडी या दोन्ही वेळी रस्त्यावर होती. अशी गाडी धुऊन, सुकवून, नवे कव्हर घालून लांबच्या शहरात विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; आतल्या भागावर मातकट रेषा असेल तर पाणी तिथवर चढले होते. सीटच्या रुळांखाली, कार्पेटच्या खालच्या फोममध्ये, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ राहतो. डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स आणि मॉड्यूलचे कनेक्टर हिरवट झाले आहेत का, ते टॉर्चने बघा. बुडालेली गाडी काही महिने नीट चालते. मग एअरबॅगचा दिवा, पॉवर स्टीअरिंग, सेन्ट्रल लॉक असे एकेक करून बंद पडू लागते आणि वायरिंगचा दोष शोधण्यात मेस्त्रीचे दिवस आणि तुमचे पैसे जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्ग, गोवा किंवा मुंबईत समुद्राजवळ उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ जॅकवर घेऊन बघितल्याशिवाय सौदा करू नका. दाराखालच्या उंबऱ्यात आणि मागच्या ॲक्सलच्या माऊंटिंगपाशी खारा गंज पोखरत असेल तर उत्तम सर्व्हिस रेकॉर्डही तिथे कामाला येत नाही.

विम्याचा कागद तर बहुतेक लोक उघडतच नाहीत. चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे ते पाहा. तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वर्षागणिक चढतो. सात-आठ वर्षांच्या गाडीवर त्याच मालकाकडे ५० टक्के असेल तर निदान पाच वर्षांत क्लेम घेतलेला नाही. शून्य किंवा २० असेल तर अलीकडे क्लेम झाला आहे, किंवा पॉलिसी मध्ये तुटली होती, किंवा मालक बदलला. क्लेम हा काही गुन्हा नाही, बंपरसाठीही लोक घेतात. त्या दुरुस्तीचे बिल मागा आणि त्यात एअरबॅग, रेडिएटर सपोर्ट, एप्रन असे शब्द आहेत का ते वाचा.

गाडी चालवून पाहायला जाताना मालकाला सांगून ठेवा की सकाळपासून सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवा, ते गार हवे. गार इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंदांपुरता आवाज चालतो. त्यापेक्षा जास्त वेळ चेन खडखडत असेल तर थांबा. सुरू होताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली पातळ तपकिरी थर ठीक, घट्ट काळा गाळ वाईट. तिथे दुधाळ थर दिसला तर डिपस्टिक आणि कूलंटची टाकीही पाहा. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांच्या गाडीत झाकणापुरता थोडा दुधाळपणा येऊ शकतो, पण डिपस्टिकवरही तो असेल तर कूलंट ऑइलमध्ये उतरते आहे. चौथ्या गिअरमध्ये ४०च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे फेरे चढले आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतो आहे. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला. स्पीडब्रेकर तिरका ओलांडताना खडखड झाली तर सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश. हे किरकोळ काम आहे, यावर फक्त भाव कमी करून घ्या.

हजार-दीड हजाराचे ओबीडी उपकरण, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र, जोडून एक आकडा जरूर पाहा: दोष पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. बऱ्याच गाड्यांमध्ये तो दिसतो. तो आकडा २० किंवा ५० असेल आणि गाडीच्या संगणकाच्या स्वयंतपासणीच्या नोंदी अपूर्ण दाखवत असतील, तर तुम्ही येणार म्हणून चेक इंजिनचा दिवा कोणीतरी पुसला आहे.

नोंदींचे वजन मात्र सगळ्या गाड्यांना सारखे नसते. साध्या पेट्रोल, टायमिंग चेन आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीत एखादी पोकळी खपते. जिथे टायमिंग बेल्ट आहे तिथे खपत नाही. डस्टर-टेरानोचे १.५ डिझेल, जुन्या इनोव्हाचे २.५ डिझेल, पोलो-व्हेंटोचे १.५ टीडीआय ही बेल्टची इंजिने. बेल्ट चालू इंजिनात तुटला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेडचे काम निघते. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि शक्य तर वॉटर पंप एकत्र बदलल्याचे किलोमीटरसह बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून तेवढी रक्कम किंमतीतून कापा आणि गाडी घरी आणण्याआधी काम करून घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमांतल्या डिझेल गाड्यांमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. गाडी फक्त शहरात फिरली असेल तर तो तुंबतो आणि डिझेल ऑइलमध्ये उतरते. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलची नोंद नसलेली गाडी मी कितीही देखणी असली तरी सुचवणार नाही. सीएनजी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) आणि आरसीवरची नोंद, दोन्ही हवे.

नोंदी उत्तम असूनही एक प्रकारची गाडी फसवते, ती म्हणजे उभी राहिलेली. आठ वर्षांत १८,००० किमी चाललेली, दरवर्षी सर्व्हिस झालेली गाडी कागदावर सोन्यासारखी वाटते. प्रत्यक्षात टायर कडक होऊन भेगाळलेले, बॅटरी संपलेली, बुश आणि ऑइल सील वाळलेले, आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असू शकते. तिच्यासाठी ३०-३५ हजार वेगळे ठेवा.

तुमच्या दुसऱ्या गाडीत आता काय बघायचे ते सांगतो. ८४,००० किमीला क्लच, पुढचे सस्पेन्शन आणि टायर बदलले आहेत की बाकी आहेत, हे फाइलमधून काढा. क्लच मूळचाच असेल तर सात ते दहा हजार, टायर चारही घ्यायचे असतील तर १८-२० हजार, असे लिहून मालकासमोर ठेवा. सगळे बाकी असेल तर ४.०० ते ४.०५ लाखांपासून बोला. सगळे झालेले असेल तर ४.२० पर्यंत जायला हरकत नाही. पहिली गाडी घरच्यांच्या आग्रहाने घ्यायचीच असेल, तर वर्कशॉपची यादी पाहिल्यावरच घ्या, आणि मीटर खरा निघाला तरी सर्व द्रव, फिल्टर आणि प्लग बदलण्याचे १०-१२ हजार भावातून कमी करा.

सौदा ठरल्यावर मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, आणि दुसरी किल्ली हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आरसीची मालकी तुमच्या नावावर होण्याची वाट न पाहता विमा १४ दिवसांच्या आत हस्तांतराला टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे विमा कंपनी फरकाची रक्कम मागेल, ती आधीच हिशेबात धरा. बिलांची मूळ फाइल मागून घ्या, झेरॉक्स नको. आणि पहिल्या आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड बदलून त्या दिवसाचे किलोमीटर त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा.